संगमावरील गांव

आमचें बालपण इंग्लंडांत ट्यूक्सबरी या लहानशा गांवीं गेलें. तेथें एव्हन नदी सेव्हर्नला मिळते. आई कऱ्हाडची, कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेली. हा संगम तिच्या मनास कधीं आला नाहीं.

इ. स. २००७ च्या जुलैंत महापूर आला. बाराव्या शतकांतील ख्रिस्तमंदिर तेवढें बेटासारखें उभें राहिलें. माइथ येथील जलशुद्धीचें केंद्र बुडालें आणि सुमारें साडेतीन लक्ष लोकांचे नळ कोरडे पडले. भोंवतीं समुद्र, आणि प्यावयास बाटली! रांगेंतून आणलेल्या पाण्याची पहिली वाटी देवांच्या स्नानास जाई. आम्हां भावंडांस तें मुळींच रुचत नसे. "नदी कोपली आहे, घरचे देव तरी पारोसे नकोत," आई म्हणे.

पूर ओसरल्यावर तिनें सेव्हर्नची ओटी भरली. कृष्णेखेरीज दुसऱ्या नदीची ओटी भरतांना आम्हीं तिला त्या दिवशीं प्रथमच पाहिलें.