उडीखालची भुई

खारेपाटणात शाळेला मैदान वर्षातून आठच महिने असायचं. जून लागला की ती जागा पावसाची. लाल चिखल, खळग्यांतून साठलेलं पाणी, कडेकडेनं माजलेला टाकळा. शुक नदी फुगून बाजारपेठेत पाणी शिरायला लागलं की शाळा लवकर सुटे, आणि नदीच्या अंगाला घरं असलेल्या मुलांना आधी सोडत. बाकीच्या आम्ही वर्गापुढच्या पडवीत पाऊस उघडायची वाट बघत उभ्या. मग कुणाच्या तरी दप्तरातून सुंभ निघे.

दुकानातली लाकडी मुठींची दोरी आमच्यात कुणाकडे नव्हती. घरी गुरांसाठी, मांडवासाठी काथ्याचं सुंभ वळलेलं असे, त्यातलंच हातभर-हातभर मागून आणलेलं जोडून दोरी व्हायची. दोघींनी टोकं धरायची, तिसरीनं मधे शिरायचं. पोटरीला लागलं तर वळ उठे आणि संध्याकाळी आईला तो दिसे. पावसाळ्यात सुंभ ओल धरतं आणि जड होतं. जड दोरी संथ फिरते, म्हणून उडी थोडी थांबून, जास्त उंच मारावी लागते. उन्हाळ्यात तीच दोरी हलकी होऊन सपासप फिरे आणि पाय जमिनीपासून जेमतेम सुटले तरी भागे. हवेतली ओल अशी पायांना कळायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण आमच्यातल्या प्रत्येकीला येत होतं.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, आणि तोवर माझे मैदानातले दिवस संपले होते.

दसरा झाला की मैदानाची पारख सुरू होई. टाच रुतवून बघायची. टाचेचा खळगा पडला तर अजून चार दिवस. नुसता ठसा उमटला तर चालेल. जांभ्याची माती वाळताना एक मधला काळ येतो, फार तर दिवाळीच्या पुढेमागेपर्यंतचा, तेव्हा ती वरून फिकी आणि आतून गडद असते. काठीनं रेघ ओढली की खालची ओली तांबडी माती वर येते आणि रेघ लांबून दिसते. ठिकरीची घरं आखायला याहून चांगली पाटी नाही. पुढे उन्हं कडक झाली की माती पिठासारखी होते, रेघा पायांनी पुसतात आणि भांडणं वाढतात.

आमची ठिकरी आठ घरांची. चार-चार घरांच्या दोन ओळी, एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं. पहिल्या घरात ठिकरी टाकायची, एक पाय उचलायचा, आणि लंगडी घालत त्याच पायानं ठिकरी ढकलत एकेक घर पार करायचं. ठिकरी रेघेवर थांबली तर बाद, पाय रेघेवर पडला तर बाद, उचललेला पाय टेकला तर बाद.

ठिकरी कशाची, यावर अर्धा खेळ ठरलेला. मंगळुरी कौलाचा तुकडा जाड आणि गुळगुळीत, तो हवा त्याहून पुढे पळतो. जुन्या नळ्याच्या कौलाचा तुकडा पातळ, पण त्याला बाक असतो आणि तो मधेच गिरकी घेतो. फुटक्या माठाचा बुडाकडचा तुकडा सर्वांत चांगला; तो चिऱ्यावर घासून घासून गोल करायचा, कडा मोडायच्या, आणि मग तो बोटांच्या रेट्याबरोबर चालतो. अशी ठिकरी मुली कंपासपेटीत जपून ठेवत. गावात कुणाचा माठ फुटला की दुसऱ्या दिवशी शाळेत ते कळलेलं असे.

पण मला आजही त्या खेळातलं जे विलक्षण वाटतं ते त्याच्या शेवटाकडे होतं. आठही घरं निर्वेध पार केली की पाठ फिरवून, डोक्यावरून ठिकरी मागे फेकायची. ती ज्या घरात पडेल ते घर आपलं. त्यात फुली मारायची. आपल्या घरात दोन्ही पाय टेकून उभं राहता येई, दम खाता येई. दुसरीनं मात्र त्या घरावरून उडी मारून पलीकडे जायचं. एक घर गेलं तोवर ठीक. शेजारशेजारची दोन गेली की एका पायावरून दोन घरांची उडी, तीही ठिकरीसकट. ज्यांच्या पायांत जोर नाही त्या तिथेच संपायच्या. म्हणून एक रीत होती. घराची मालकीण हवं तर आपल्या घरातून वाट देई. कडेनं बोटभर रुंदीची एक रेघ ओढायची, तेवढ्यातच पाय ठेवायचा. वाट मागायला लागे. मागितली तर सहसा मिळायची. न देणारीही असे, आणि तिच्या घरावरून उडी मारणाऱ्या मुलीकडे मग सगळं मैदान बघत राही.

खारेपाटणला जुन्या दानपत्रांची परंपरा आहे. दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराजाचा शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा ताम्रपट इथेच सापडला. तो पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी, आणि त्यांचं पोंभुर्लेही इथून जवळच. त्या ताम्रपटात राजानं गावं दान दिल्याची नोंद आहे. मोठेपणी मी त्याविषयी वाचलं तेव्हा मला आधी आठवली ती मातीतली फुली आणि कडेनं सोडलेली वाट. राजाची जमीन तांब्यावर लिहिलेली, म्हणून हजार वर्षं टिकली. आमची घरं दुपारच्या सुट्टीपुरती. पण ती आम्ही एका पायावर कमावलेली होती, आणि दुसरीला वाट द्यायची की नाही हा निर्णय पहिल्यांदा आम्ही तिथे घेतला. दहा वर्षांच्या मुलीच्या मालकीचं जगात तेव्हा दुसरं काय होतं?

लंगडीचा बाज वेगळा. तिला आखणीत फक्त चौकोन लागतो आणि खूप मुलं लागतात. जिच्यावर राज्य, ती एका पायावर, बाकीचे दोन पायांवर पळणारे. धावणाऱ्यांना मोकळीक आणि पकडणाऱ्याला बंधन, असा हा खेळ आहे. पाय बदलता येत नाही. दम लागला तरी त्याच पायावर उभं राहून श्वास घ्यायचा. आणि पाय टेकला की नाही हे सांगायला पंच नसे. सगळेच बघत.

‘पाय टेकलो तुझो!’

‘मी टेकूक नाय!’

‘टेकलो. मी बघितलंय.’

यावर बहुतेक वेळा ती मुलगी आपणहून बाजूला होई. रडून, पाय आपटून, पण होई. कारण चौकोनात पुन्हा उद्या यायचं होतं. लहान भावंडांना कच्चं लिंबू करून घ्यायचं हेही ठरलेलं. त्यांना बाद करत नसत, पण पळू देत. कडेवरच्या भावाला खाली ठेवून खेळायला येणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. त्यांना खेळू द्यायचं तर भावालाही घ्यावंच लागे.

मे महिन्यात शाळा नसे तेव्हा हे सगळं आजीच्या खळ्यात हलत असे. शेणानं सारवलेली भुई पायाला गार लागते आणि उडी मारली की किंचित दबते. पण सारवणाचे पापुद्रे उडतात. आजी माजघरातून ओरडे, ‘खळा उखणू नकात गो!’ मग आम्ही कुणग्यात उतरायचो, कापणी झालेल्या शेताच्या बांधावरून खाली, भातेणाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, उडवीवर उड्या मारायला. तिथे पाय बांधायची गरज नव्हती. पाठीवर पडा, तोंडावर पडा. उंचावरून स्वतःला सोडून देण्याचं धाडस मला त्या भातेणानं दिलं.

सहावी-सातवीच्या सुमाराला मुलींचं हे थांबे. कुणी बंदी घातली असं आठवत नाही. ‘आता मोठी झालीस’ एवढं एक वाक्य पुरायचं. मुलगे तसेच खेळत राहात, एकानं ओणवं व्हायचं आणि दुसऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात टेकून पलीकडे जायचं. आम्ही पायरीवर बसून बघायचो. मला याचा राग होता आणि आजही आहे. मात्र गौरी-गणपतीत तीच आई, ज्या काकूनं ‘उड्या काय मारतेस’ म्हणून झापलेलं असे तीच काकू, पदर खोचून फुगडीला उभी राही. बसफुगडीत उकिडवं बसून पाय पुढेमागे टाकत उडत राहायचं असतं. ज्यांनी ती घातली आहे त्यांना माहीत आहे, मांड्या पेटतात. पन्नाशीच्या बायका ती घालायच्या. वर्षभर रांधण्या-वाढण्यात, लावणी-कापणीत वाकलेली ती शरीरं त्या रात्री उड्या मारायची. त्यांनीही कधीतरी ठिकरी खेळलेली होती, आणि त्यांचे पाय ते विसरले नव्हते.

उडीबद्दल लिहिताना मला भुईबद्दलच जास्त लिहावंसं वाटतं, याला कारण आहे. माणूस किती उंच उडेल हे खाली काय आहे यावर ठरतं. डिक फॉसबरी या अमेरिकन खेळाडूनं १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये दांडीवरून पाठ खाली करून उडी मारली, २.२४ मीटर, आणि सुवर्णपदक घेतलं. आज सगळे तशीच उडी मारतात. पण वाळूच्या किंवा भुशाच्या खड्ड्यात मानेवर आणि पाठीवर पडायचं धाडस कोण करणार? फोमच्या जाड गाद्या आल्या म्हणून ती उडी शक्य झाली. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या सर्वेश कुशारेला गादी मिळाली नव्हती. मक्याच्या भुसकटाचा ढीग करून त्यावर तो उडी शिकला. सप्टेंबर २०२५मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. त्याची बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं भातेण होतं. शेतातून उरलेलं जे काही मऊ असतं त्यावर मुलं उडायला शिकतात. कुणीतरी ते गोळा करून द्यायला हवं, एवढंच.

फॉसबरी ज्या ओरेगन स्टेट विद्यापीठात शिकला तिथल्याच संशोधकांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांना आठवड्यातून तीनदा, दरवेळी शंभर, अशा सात महिने खोक्यावरून खाली उड्या मारायला लावल्या. त्यांच्या खुब्याची आणि कण्याची हाडं इतर मुलांपेक्षा भक्कम झाली. वयात येण्याआधीची ती वर्षं हाड घडण्याची असतात. नेमक्या त्याच वर्षांत आम्ही मैदानात होतो. आणि त्याच वर्षांच्या शेवटी मुलींना पायरीवर बसवलं जात होतं.

आता गावात राहायला आल्यापासून मी आसपासच्या वाड्यांतल्या शाळा बघते. इमारती आमच्या वेळेपेक्षा चांगल्या आहेत. रंग, फळे, पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह. यातली एकही गोष्ट मला परत द्यायची नाही. पण एका शाळेच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेले बघितले आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले. चिखल होत नाही, हे खरं. पण तिथे रेघ ओढता येत नाही. ठिकरी प्रत्येक सांध्यात अडकते. उडी मारली की धक्का सरळ गुडघ्यात येतो, आणि पडलं तर ढोपर सोलून निघतं. साहजिकच बाई मुलांना उड्या मारू देत नाहीत. त्यांच्या जागी मीही दिल्या नसत्या.

दुसरी गोष्ट अधिक जिवाला लागते. मुलंच नाहीत. मुंबईकडे गेलेल्यांची मुलं मुंबईला, इथे राहिलेल्यांपैकी कित्येकांची इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करायचा विचार राज्यात २०२३ साली पुढे आला तेव्हा कोकणात सगळ्यांनाच धास्ती वाटली, कारण आमच्याकडे तसा पट म्हणजे नेहमीची गोष्ट. चार मुलांत लंगडी होत नाही. लंगडीचा चौकोन रिकामा दिसायला लागतो. राज्य घेणारी दमते आणि पळणारे कंटाळतात. ज्या खेळाला गर्दी लागते तो गर्दीबरोबरच जातो, आणि त्याला मोबाइल कारण आहे असं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं.

ठिकरीला मात्र दोघी पुरतात. आमच्या वाडीजवळच्या शाळेत मुली अजून खेळतात, सहाच घरांची, आणि घर जिंकल्यावर वाट द्यायचीच असा त्यांनी नियम केला आहे. इतक्या थोड्या जणींत एखादी अडून बसली तर खेळच मोडेल, असं त्यातल्या मोठीनं मला समजावलं. खेळ संपला नाही, तो त्यांच्या संख्येला पुरेल असा बदलला.

त्या शाळेचंही अंगण आता फरसबंद व्हायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी हात जोडून एवढंच मागितलं, की पूर्वेची पट्टी मातीचीच राहू दे. पायवाट हवी तर करा, झेंड्यापुढची जागा बांधा, पण ती पट्टी सोडा. तिच्या टोकाला एक खड्डा, अडीच-तीन मीटर रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब, गुडघाभर खोल. दोन-तीन ब्रास वाळू. उंच उडीसाठी झोडणी झाल्यावर भातेण मी देते म्हणाले, आणखी दोन घरांनी कबूल केलं. भातेण दरवर्षी बदलावं लागेल, नाहीतर त्यात विंचू-काटा व्हायचा, तेही काम वाडीतल्या बायकांनी वाटून घेतलं आहे. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे, लेखी अजून यायचा आहे. ठिकरीवाल्या मुलींनी कुदळीला हात लावायच्या आधीच आपली अट घातली: खड्डा कुणीही खणा, पहिली उडी त्यांची.