बाबांच्या टाकीतला नायट्रोजन

सौंदडला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, आणि आमच्या पडवीत मात्र उणे १९६ अंशांची थंडी ठेवलेली असायची. बाबा गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करायचे. वीर्याच्या कांड्या द्रवनत्राच्या, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या, टाकीत बुडवलेल्या असत. झाकण काढलं की पांढरी वाफ जमिनीवर पसरे. नायट्रोजन म्हणजे हे एवढंच, असं मी धरून चाललो होतो. तो स्वतः उजेड देतो, हे परदेशातल्या एका प्रयोगशाळेत गेल्यावर पाहिलं.

तिथे हेलियममध्ये थोडा नायट्रोजन मिसळून तो विद्युत विसर्गातून नेत. रेणू फुटत, सुटे अणू द्रव हेलियमने गार केलेल्या, उणे २६९ अंशांच्या पृष्ठावर पडत आणि जागच्या जागी थिजत. एरवी नायट्रोजनचे दोन अणू भेटले की घट्ट जुळतात आणि भरपूर ऊर्जा बाहेर पडते. इथे ते वेगवेगळ्या दाव्यांना बांधलेल्या गुरांसारखे, भेटणार कसे? विसर्ग बंद केला तरी थर हिरवा उजळत राहिला. त्याचा व्हिडिओ बाबांना दाखवला, तर म्हणाले, "बंद केला न गा? मंग हा उजेड कायचा?"

प्रश्न अगदी नेमका होता. ऊर्जा मिळून उत्तेजित झालेल्या नायट्रोजन अणूला खाली उतरण्याची वाट जवळजवळ बंद असते. मोकळ्या अवकाशात एकटा असेल तर तो कित्येक तास तसाच राहतो. घनरूपात शेजारचे रेणू त्याला डिवचतात, म्हणून अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या हिशेबात तो ५२३ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश टाकून मोकळा होतो. थर जरा तापवला की अडकलेले अणू सरकतात, जुळतात, ती ऊर्जा इतरांना मिळते आणि विझत आलेली चमक पुन्हा भडकते. १९५४ साली अमेरिकेत ब्रॉयडा आणि पेलम यांनी असाच उजेड नोंदवला होता.

त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, नॉर्वेच्या लार्स वेगार्ड यांनी हॉलंडमधल्या लायडनला गोठलेल्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून हा हिरवा रंग पाहिला आणि ध्रुवीय प्रकाशाचं कोडं सुटलं असं जाहीर केलं. वातावरणाच्या वरच्या थरांत नायट्रोजनचे गोठलेले कण असावेत, हा त्यांचा तर्क. दुसऱ्याच वर्षी टोरांटोच्या मॅक्लेनन आणि श्रम यांनी दाखवलं, की ध्रुवीय प्रकाशातली ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ऑक्सिजनच्या अणूची आहे. वेगार्ड यांचा तर्क चुकला, निरीक्षण मात्र खरं होतं. मला तरी ते जास्त मोलाचं वाटतं.

द्रव हेलियम सौंदडला कुठून आणणार? सुट्टीत अंगणात मी बाबांकडच्या द्रवनत्रात एक पेटता नारिंगी एलईडी बुडवला. तो पिवळा झाला. यात अडकलेले अणू नव्हते. थंडीने अर्धवाहकाच्या ऊर्जापातळ्यांतलं अंतर वाढलं, म्हणून रंग सरकला. शेजारची पोरं तरी हटेनात.

गोंदिया जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षकांना एवढंच सांगेन: पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पाहा, वाटीभर द्रवनत्र मिळालं तर हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा. फक्त उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून, आणि वाटी स्वतःच्या हातात ठेवून.