सेन्सर शाबूत होता

माझ्या गाडीचा जुना सेन्सर चांगला होता. हे कळलं तेव्हा नवा बसला होता, बिल भरून झालं होतं आणि पावती खिशात मळून गेली होती. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

गाडी 2011ची, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची. कंपनी सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. आम्ही भांडगावचे. यवत, चौफुला, केडगाव ही रोजची ये-जा, त्यामुळं सोलापूर हायवेला लागल्याशिवाय पान हलत नाही. गळीत हंगाम सुरू झाला आणि गाडी अडखळायला लागली. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, तुम्ही ओव्हरटेकला बाहेर काढता, ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी ढिम्म. मग एक गचका देऊन उचलते. तोवर मागचा ट्रक डिपर मारून मारून डोळे दिपवतो. दारात उभी असताना मात्र आयडलिंगला कसलीच तक्रार नाही. त्यामुळं ज्याला दाखवावं तो म्हणणार, चांगली तर आहे!

गावात निदान फुकट मिळतं. प्लग, पंप, फिल्टर सगळं सुचवून झाल्यावर पारावर एकमत झालं ते इथेनॉलवर. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्या त्या हिशोबानं बनलेल्या नाहीत, हे खरंच आहे. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. पण ज्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि ज्याच्या मळीतून इथेनॉल निघतं, तेच त्याला शिव्या घालत होते. असो.

सर्व्हिस सेंटरला नेली. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, कोड आला: थ्रॉटल पोझिशन सेन्सर. थ्रॉटल किती उघडलंय हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मॅप सेन्सर सांगतो. या दोघांच्या भरवशावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. म्हणजे कोड पटण्यासारखा होता. नवा सेन्सर घातला. सुरुवातीला गाडी पळाली, मग पुन्हा तेच. पुन्हा स्कॅनर, आता कोड मॅपचा. तोही बदलला. पुन्हा गचके. तिसऱ्या खेपेला कूलंट टेंपरेचरचा कोड आला आणि निकाल लागला, "सर, ईसीएमच गेलंय." म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच. त्याची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो.

मी म्हणालो, "मग आधीचे दोन सेन्सर काढून घ्या. पैसे परत द्या."

"सर, इलेक्ट्रिकल पार्ट रिटर्न होत नाही."

"पण फॉल्ट तिथं नव्हताच ना?"

"सिस्टिमनं तोच दाखवला होता, सर."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सिस्टिमनं दाखवला! पार्ट माणसानं मागवला, माणसानं बसवला, पैसे माणसानं घेतले, आणि चूक मात्र सिस्टिमची. बरं, सिस्टिमनं तरी 'सेन्सर बदला' असं कुठं म्हटलं होतं? कोड सांगतो की या सेन्सरच्या सर्किटमधून येणारा आकडा पटत नाही. सर्किटात सेन्सर आला, कपलर आला, वायर आली, अर्थिंग आलं. त्यातला जो पार्ट डब्यात मिळतो आणि विकता येतो, तेवढाच बदलायचा? आणि तीन वेगवेगळे सेन्सर एका हंगामात एकापाठोपाठ जातात, याचं त्या काचेच्या केबिनमध्ये एकालाही नवल वाटलं नाही. जुने सेन्सर तेवढे मी भांडून पिशवीत घालून आणले.

चौफुल्याच्या अलीकडं एक मिस्त्री बसतात. वय झालेलं, बोलणं कमी. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर त्यांच्याकडंही होता, पण तो त्यांनी कोड बघायला वापरला नाही. चालू इंजिनचे आकडे लावून फोन माझ्या हातात दिला. "अण्णा, टेंपरेचर वाचत राहा." मी वाचत होतो, शहाऐंशी, शहाऐंशी. ते बॉनेटमध्ये हात घालून वायरिंगचा एकेक भाग हलवत होते. एका ठिकाणी हात गेला आणि आकडा शहाऐंशीवरून अठ्ठावन्नवर आला. हात काढला, पुन्हा शहाऐंशी.

"इंजिन एवढ्यात गार होतं का?" त्यांनी विचारलं.

टेप उलगडली. आतल्या एका काळ्या वायरीचं कव्हर उंदरानं कुरतडलेलं, तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या, दोन-तीनच शिल्लक. तिन्ही सेन्सरची निगेटिव्ह त्याच वायरीनं जात होती. रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलतं, वायर ताणली जाते, तिघांचेही आकडे एकदम चुकतात. म्हणून ओव्हरटेकला गचका आणि दारात काही नाही. इंजिन चालू ठेवून सेन्सरच्या निगेटिव्हला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टिमीटर लावला तर शंभर मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. इथं अर्धा व्होल्ट दाखवत होता. ऊस तुटला की रानातले उंदीर वस्तीकडं सरकतात, उबदार बॉनेट त्यांना आवडतं. भांडगावात हे कोणालाही ठाऊक आहे, फक्त स्कॅनरला ठाऊक नाही.

वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, गाडी सरळ झाली. मग मी पिशवीतला जुना थ्रॉटल सेन्सर बाकावर ठेवला. मिस्त्रींनी मीटर लावून त्याची आतली चकती सावकाश फिरवली. आकडा कुठंही न तुटता चढत गेला, तसाच उतरला. "ह्याला काय झालंय?" एवढंच म्हणाले आणि परत दिला.

सर्व्हिस सेंटरच्या पोरांना मी फार बोललो. त्यांचीही बाजू आहे. दिवसाला इतक्या गाड्या बाहेर काढायच्या, त्यात टेप उलगडत कोण बसणार? शिवाय सगळेच गावठी मिस्त्री असे नसतात, अंदाजानं इंजिन उघडून ठेवणारेही मी पाहिलेत. तरीही पैसे परत द्यायला हवे होते, यावर मी ठाम आहे.

तुमचेही पैसे असे अडकले तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा जॉबकार्डवर दोन ओळी लिहून घ्या: वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय सेन्सर बदलू नये, आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत द्यावा. तोंडी सांगितलेलं काउंटरवर कोणी मानत नाही.