फॉर्ममधला शेवटचा प्रश्न

"मॅडम, ढीला सूट पहनकर जाइए. और हस्बंड वहाँ हैं, यह लिखने की कोई ज़रूरत नहीं."

नेहरू प्लेसमधल्या एका छोट्याशा ऑफिसात बसलेला तो व्हिसा एजंट हे इतक्या सहजपणे बोलला, की जणू 'येताना दोन फोटो घेऊन या' असेच तो सांगत असावा.

ही गोष्ट २०१८ च्या ऑक्टोबरमधली. लग्नानंतर सात वर्षांनी आमच्या घरात पाळणा हलणार होता. मला पाचवा महिना लागला होता आणि नेमके तेव्हाच यांना कंपनीने सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीला पाठवले होते. रोज रात्री फोनवर बोलणे व्हायचे, पण त्याने समाधान होईना. तीन आठवडे जाऊन यावे, असे मी ठरवले. डॉक्टरीणबाईंनी तपासून होकार दिला. मात्र २८ आठवडे भरायच्या आत परत ये, असे बजावले. पुढे पुढे बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर तर सहसा बसूच देत नाहीत.

इतके सरळ काम. पण सासूबाईंच्या मनात वेगळेच होते.

"एवीतेवी जातेच आहेस, तर बाळंतपणही तिथेच होऊ दे ना. बाळाला तिकडचा पासपोर्ट मिळेल. शेजारच्या सुनेनं नाही का केलं तसं?"

नोएडातल्या आमच्या सोसायटीत शेजारी एक मराठी कुटुंब आहे. त्यांच्या सुनेने वर्षभरापूर्वी तसे केले होते खरे. हा एजंटही तिनेच सुचवलेला. 'माझे काम अगदी चोख केले त्याने,' असे ती म्हणाली होती.

खोटे कशाला सांगू? एक रात्रभर मलाही ते पटले होते. आपल्या लेकराला पुढे कधी कोणत्या रांगेत उभे राहावे लागणार नाही, या विचाराने कोणत्या आईला मोह पडणार नाही? तिथल्या भूमीवर जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व देणारी घटनादुरुस्ती १८६८ सालची आहे. तेव्हाच्या गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी ती झाली होती, नोएडाच्या सुनांसाठी नव्हे. पण फायदा कोणालाही होत होता.

सकाळी उठून मी वाचायला बसले, तेव्हा पासपोर्टमागचा हिशेब कळला. मूल २१ वर्षांचे झाल्याशिवाय आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे त्या पासपोर्टवर आमचेच बाळ आमच्याच घरात परदेशी म्हणून राहणार. शिवाय बाळंतपणाचा खर्च डॉलरमध्ये, आणि प्रवासाचा विमा बहुधा साध्या बाळंतपणाचा खर्च देत नाही. मी बेत सोडला. यात प्रामाणिकपणाचा भाग किती आणि खर्चाचा किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

बेत सोडला, तरी एजंटचा सल्ला बदलला नाही. "नवरा तिथे आहे म्हटलं की त्यांना वाटतं, ही परत येणारच नाही. त्यातून तुम्ही अशा अवस्थेत. नायगारा बघायला जाते म्हणा!"

त्याने भरून दिलेल्या फॉर्मचा कागद मी घरी आणून वाचला. जवळचे नातेवाईक तिथे आहेत का? उत्तर होते, नाही. खर्च कोण करणार? स्वतः. मुक्काम कुठे? एका हॉटेलचे नाव, जे मी कधी ऐकलेही नव्हते. आणि अगदी शेवटी, सही करण्याच्या पानावर, एक प्रश्न होता. हा अर्ज भरायला तुम्हाला कोणी मदत केली का? तिथेही 'नाही'.

या शेवटच्या 'नाही'ने माझे डोळे उघडले. सगळे खोटे त्याने रचलेले, आणि त्याचे स्वतःचे नाव कुठेच नाही! खाली सही माझी, आणि वर लिहिलेले सारे खरे आहे ही शपथही माझीच. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेच्या कायद्यात जन्मभराची बंदी आहे. त्यातून सूट मागता येते, पण ती मिळेलच असे नाही.

मी नवा फॉर्म भरायला घेतला, तर पहाडगंजच्या काकू घाबरल्या. काकूंचा सारा जन्म दिल्लीत गेलेला. त्यांना १९७९ सालची बातमी आठवत होती. दिल्लीहून लग्नासाठी लंडनला गेलेल्या एका शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली होती. ती खरोखर अविवाहित आहे का, हे म्हणे त्यावरून ठरणार होते! आपल्या सरकारने निषेध केला आणि ब्रिटनला तो प्रकार बंद करावा लागला. उपखंडातल्या निदान ८० स्त्रियांना हे सोसावे लागले होते, हे २०११ मध्ये उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून कळले.

"बाईच्या शरीराचं काही त्यांना सांगूच नये गं," काकू म्हणाल्या.

काकूंचे मला पटले, पण अर्धेच. फॉर्ममध्ये गरोदरपणाबद्दल प्रश्नच नव्हता, म्हणून मी ते लिहिले नाही. न विचारलेले न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. गरोदर असणे हा काही गुन्हा नाही, की आपण होऊन कबूल करावा. पण विचारल्यावर नाही म्हणणे, किंवा नवरा तिथे असताना नायगाऱ्याचे नाव पुढे करणे, ही वेगळी गोष्ट आहे.

चाणक्यपुरीतल्या दूतावासात मी सैल नव्हे, नेहमीचाच सूट घालून गेले. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी विचारले, कशासाठी जाताय? म्हटले, नवऱ्याला भेटायला, तीन आठवडे. त्यांची नजर जरा खाली गेली. "कितवा महिना?" मी सांगितले. बाळंतपण कुठे? दिल्लीत. परतीची तारीख, डॉक्टरांचे पत्र, माझ्या मासिकाने मंजूर केलेली रजा, सारे कागद माझ्या हातात होते. त्यांनी फक्त डॉक्टरांचे पत्र पाहिले. पाच मिनिटांत मी बाहेर होते, व्हिसा मंजूर. घरी येईपर्यंत हातापायांची थरथर थांबली नव्हती, हेही सांगायला हवे.

तीन आठवडे यांच्याजवळ राहून ठरल्या दिवशी मी परत आले. मार्चमध्ये दिल्लीत मुलगा झाला. तोवर हेही आले होते.

नंतर नियम अधिक कडक झाले. २४ जानेवारी २०२० पासून, केवळ मुलाला नागरिकत्व मिळावे म्हणून तिथे बाळंत व्हायला जाणारीला पर्यटनाचा व्हिसा नाकारावा, असे अमेरिकेने ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये तर आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर मुलाला जन्माने नागरिकत्व नाही, असा आदेश अध्यक्षांनी काढला. न्यायालयांनी तो रोखला. पण त्या काही दिवसांत तिथल्या भारतीय स्त्रिया तारखेआधीच सिझेरियन करून द्या म्हणून डॉक्टरांकडे धावल्याच्या बातम्या आल्या. त्या वाचून माझ्या पोटात कालवले. पासपोर्टसाठी मूल दिवस भरण्याआधी बाहेर काढायचे!

शेजारच्या सुनेची गोष्ट राहिली. २०१९ च्या शेवटी ती बहिणीच्या लग्नासाठी पुन्हा तिकडे गेली. विमानतळावर जुना फॉर्म निघाला. त्यात तीन आठवड्यांची सहल लिहिलेली, प्रत्यक्षात मुक्काम पाच महिन्यांचा. इस्पितळाचे पैसे आधीच भरून ठेवले होते, हेही विचारता विचारता बाहेर आले. कडेवरच्या दोन वर्षांच्या मुलाला आत जायचा हक्क होता, आईला नव्हता. मुलाला घेऊन ती परतीच्या विमानाने आली. एजंटचे दुकान तोवर दुसरीकडे गेले होते.

गेल्या महिन्यात ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. मुलगा आठ वर्षांचा झाला, मावशीकडे जायचे म्हणतो. 'पूर्वी कधी खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केला होता का?' या प्रश्नापाशी ती बराच वेळ थांबली. चहा निवून गेला. मग तिने स्वतःच 'होय' लिहिले, आणि खाली काय घडले ते चार ओळींत मांडले.

शेवटच्या पानावर, अर्ज भरायला कोणी मदत केली का, या प्रश्नापाशी तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "लिही माझं नाव."

अजून उत्तर आलेले नाही.