तळाचा रहिवासी

मत्स्यपेटीपुढे उभ्या राहणाऱ्याची दृष्टी प्रथम वरच्या पाण्यात चमकत फिरणाऱ्या रंगीत माशांवर खिळते. तळाच्या वाळूत तोंड खुपसून हिंडणारा फिकट गुलाबी मासा पुष्कळदा उपेक्षितच राहतो. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, तोंडापाशी आखूड मिशा आणि डोळे माणकासारखे लाल! हा विवर्ण कॉरिडोरास होय.

याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील नद्या-ओढे आणि त्रिनिदाद बेट. तेथे याच्या अंगाला ब्राँझ धातूसारखी झळाळी असते. याच्या अंगावर साधे खवले नसतात; दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दुहेरी ओळी असतात, जणू चिलखतच. शरीरात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार झाले नाही, की असा फिकट मासा जन्मतो. त्याच्या डोळ्यांतील लाली ही तेथील रक्ताची असते. नदीत असा मासा शत्रूच्या नजरेत चटकन भरतो. मनुष्याने मात्र त्याला काचेआड जपून त्याचा वंश वाढविला.

मध्येच हा शांत प्राणी बाणासारखा वर झेपावतो, हवेचा एक घोट घेतो आणि तितक्याच त्वरेने तळाशी परततो. गिळलेली हवा आतड्यात जाते व तेथील रक्तवाहिन्या तिच्यातील प्राणवायू शोषून घेतात. आपल्याकडील मागूर मासाही हवा घेतो, पण त्याची सोय कल्ल्यांजवळ असते. कॉरिडोरास अधूनमधून वर आला तर चिंता नसावी. वारंवार येऊ लागला, तर मात्र पाणी बिघडले असे समजावे.

‘हा पेटी साफ ठेवतो’ असे सांगून पुष्कळदा हा मासा विकला जातो. ही समजूत त्याच्या जिवावर उठते. तो विष्ठा खात नाही, आणि इतरांच्या उष्ट्यावर त्याचे पोट भरत नाही. सफाईचा नोकर समजून उपाशी ठेवलेला हा मुका जीव हळूहळू खंगतो. बुडणारे खाद्य त्याला संध्याकाळी निराळे द्यावे. तळाला मऊ वाळू हवी. धारदार खड्यांनी त्याच्या मिशा झिजतात, आणि अन्नाचा शोध तर तो मिशांनीच घेतो. एकटा ठेवल्यास तो भेदरून कोपऱ्यात दडतो; पाच-सहा सोबती असले म्हणजे मोठ्या दिमाखाने हिंडतो.

माशांच्या उत्सर्गातून पाण्यात विषारी अमोनिया मिसळतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट बनवितात. नव्या पेटीत हे जंतू वाढण्यास काही आठवडे लागतात. एवढा धीर नसेल, त्याने मासा घरी आणूच नये. पुढेही दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे.

बदललेले पाणी किंचित गार असले, तर माशांना पाऊस आल्याचा भास होतो आणि पुष्कळदा विणीचा हंगाम सुरू होतो. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून तीत अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटविते. मोठ्या माशांना त्याच अंड्यांचा मोह पडतो, म्हणून ती निराळ्या पात्रात हलवावी लागतात. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. आईबाप दोघेही फिकट असले, तर पिलेही बहुधा फिकटच निपजतात. आणि थोड्याच दिवसांत, पापणीच्या केसाएवढ्या मिशांनी, तीही तळ चाचपू लागतात.