पट्टी सुटल्यानंतरचं वर्ष

सोनगीरला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेची भांडी घडतात. मठार करताना एका ठोक्याला लागून दुसरा ठोका ओळीत पडावा लागतो. बाजरीच्या कापणीत पात्याचा फटकारा माझ्या उजव्या डोळ्याला बसला, बुरशीचा संसर्ग झाला. औषधांनी तो आटोक्यात आला, पण बुबुळावर फूल पडलं. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येईना. हातोडी हंड्यावर बसायची ती बोटावर बसू लागली.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, बदलायचं ठरलं आणि यादीत नाव लागलं. एके सकाळी नाशिकहून फोन आला : ‘डोळा मिळालाय, लगेच निघा.’

शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली तेव्हा आईनं विचारलं, “आते दिसस का रे भाऊ?” दिसत होतं, पण धुक्यातून पाहावं तसं. डॉक्टरांनी संगणकावर डोळ्याचा फोटो दाखवला. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची ती पारदर्शक चकती, तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे केसाहून बारीक नायलॉनचे सोळा टाके. टाक्यांच्या ताणानं नंबर तिरपा येतो, ते टप्प्याटप्प्यानं निघतात आणि नजर बसायला वर्ष लागतं, असं त्यांनी समजावलं. धूळ, भट्टी, जड उचलणं बंद झालं. थेंबांच्या वेळा बायकोनं भिंतीवर लिहून लावल्या.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परक्याचं पारपटलही शरीर बहुधा स्वीकारतं. तरी धोका सरत नाही. काही महिन्यांनी डोळा लाल झाला, उजेड खुपू लागला, नजर अंधुक झाली. शरीर नवं पारपटल नाकारत असल्याच्या या खुणा आम्हाला आधीच सांगितल्या होत्या. त्याच दिवशी नाशिक गाठलं. तासातासाला स्टेरॉइडचे थेंब सुरू झाले आणि पारपटल पुन्हा स्वच्छ झालं. माझ्यासोबतच्या एका काकांचं मात्र गढूळलं. जुन्या आजारानं त्यांच्या बुबुळात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. ते पुन्हा यादीत आहेत.

1905 साली ओलोमूत्स इथं डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी माणसावरचं पहिलं यशस्वी पारपटल रोपण केलं. चुन्यानं डोळे भाजलेल्या त्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांत रोपण झालं, टिकलं एकाच. तेव्हापासून शस्त्रक्रिया खूप सुधारली, पण पारपटल जपण्याचं काम आजही रोग्याच्या घरातच होतं.

आता टाके निघालेत. चष्मा लावला की उजव्या डोळ्यानं पेपर वाचता येतो, हंड्यावरचा ठोका ओळीत पडतो. काम करताना संरक्षक चष्मा काढत नाही.

हे सगळं एका अनोळखी घरानं दुःखाच्या घडीला होकार दिला म्हणून. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकतं; चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं थोडं उंच करा आणि नेत्रपेढीला कळवा. एका माणसाच्या नेत्रदानानं दोघांना दिसू शकतं. तुमची इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी होकार त्यांनाच द्यायचा असतो.