ताडांच्या गावात ताड नाही!

मुलांनो, लॉस एंजेलिसच्या उत्तरेचे डोंगर ओलांडले की मोहावी वाळवंट लागतं. पामडेल गावात आमची मोटार शिरली नि मी ताडाची झाडं शोधू लागलो. १८८६ साली इथं आलेल्या जर्मन-स्विस कुटुंबांना काटेरी जोशुआ झाडंच ताड वाटली, म्हणून वसाहतीचं नाव ठेवलं पामेन्थाल, म्हणजे ताडांची दरी. आहे की नाही गंमत!

तिथून १३८ क्रमांकाच्या रस्त्यानं पूर्वेला गेलो. लिटलरॉकच्या फळबागा मागे पडल्या आणि कडेला दगडी खांब दिसले. हे लानो देल रियो! नावात नदी, पण पाण्याचीच वानवा. १९१४ मध्ये जॉब हॅरिमन या वकिलानं इथं वसाहत वसवली. सगळ्यांनी मिळून राबायचं, मिळून खायचं. हजारेक माणसं जमली, मुलांसाठी माँटेसरी शाळाही निघाली. पण पाणी पुरेना, पैसाही. १९१८ पर्यंत अनेकांनी लुइझियानाची वाट धरली.

आज या भागातून शेकडो मैलांवरचं पाणी आणणारा कालवा वाहतो. त्यांच्यासाठी फार उशिरा आला तो. त्यांच्या थंड चुलाण्यापाशी उभं राहून मी बाटलीतलं पाणी प्यायलो. घोटभरच उरलं होतं.